हिनुङ्दान : सेबुआनो भाषेतील कारण आणि क्षुद्रता



ज्यांच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपले उभे आयुष्य कोशाच्या कामी वेचले. शब्दाचा अर्थ दुसऱ्या भाषेतील एखादा शब्द शेजारी मांडून सांगता येतो, ही सर्वसामान्य समजूत त्यांना कधीच पटली नव्हती, हे त्यांच्या लेखनाशी ज्यांचा परिचय आहे ते जाणतात. त्यांच्या स्मृतीस एखादा कोशविषयक विचारच अर्पण करावा, या भावनेने मी आजचा विषय निवडला आहे. तो आपल्या मुलखापासून फार दूरचा आहे. परंतु भाषेच्या प्रांतात दूर आणि जवळ यांची मोजदाद मैलांवर होत नाही, आणि मी ज्या शब्दांविषयी बोलणार आहे त्यांतील काहींशी आपले नाते जुने आहे, हे विषयाच्या ओघात आपल्या ध्यानी येईल.

फिलिपाइन्स द्वीपसमूहाच्या मध्यभागी सेबू नावाचे एक लांबट, चिंचोळे बेट आहे. तेथील भाषा ती सेबुआनो. सेबूखेरीज बोहोल, नेग्रोस बेटाची पूर्वेकडील बाजू, लेतेचा पश्चिम भाग आणि दक्षिणेकडील मिंदानाओ या मोठ्या बेटाचा बराचसा प्रदेश एवढ्या विस्तारात ती बोलली जाते. ती मातृभाषा म्हणून बोलणारांची संख्या दोन कोटींच्या आसपास आहे, आणि बोलणारे स्वतः तिला बहुधा ‘बिसाया’ या नावानेच ओळखतात. ७ एप्रिल १५२१ रोजी दर्यावर्दी मॅगेलनची जहाजे सेबूच्या बंदरात शिरली आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस शेजारच्या माक्तान बेटावरील लढाईत तो पडला. त्या सफरीबरोबर असलेल्या पिगाफेत्ता या इटालियन गृहस्थाने आपल्या वृत्तांतात या भाषेतील सुमारे १६० शब्दांची यादी दिली आहे. त्या यादीत शरीराचे अवयव आहेत, नित्याच्या वस्तू आहेत, अंक आहेत. पाहुणा प्रथम बोटाने दाखविता येईल तेच विचारतो. ‘कारण’ ही वस्तू बोटाने दाखविता येत नाही, सबब तिचा शब्द टिपून घ्यावयास यजमानाच्या घरी पुष्कळ काळ राहावे लागते. ते काम पुढे स्पॅनिश मिशनऱ्यांनी केले. रिकलेक्ट पंथाचे हुआन फेलिस दे ला एन्कार्नासिओन यांचा बिसाया-स्पॅनिश कोश १८५१ साली मानिला येथे छापला गेला. १८९८ नंतर स्पेनच्या जागी अंमल अमेरिकेचा आला, शाळांतून इंग्रजी शिरली, आणि विसाव्या शतकातील सेबुआनो शब्दांचे अर्थ इंग्रजीतून सांगितले जाऊ लागले. त्या इंग्रजी अर्थांनी काय सांगितले आणि काय झाकले, हा आजचा प्रश्न आहे, आणि तो मी दोनच कल्पनांपुरता मर्यादित ठेवणार आहे : कारण, आणि क्षुद्रता.

उच्चाराविषयी प्रथम एक खुलासा करतो. ‘वाङ्मय’ या शब्दात आपण जो अनुनासिक ङकार उच्चारतो तो सेबुआनोत स्वतंत्रपणे नांदतो, शब्दाच्या आरंभीदेखील येतो. ‘ङालान’ म्हणजे नाव, ‘ङानो’ म्हणजे का. आपल्या वर्णमालेने हे अक्षर शतकानुशतके सांभाळून ठेवले आहे, त्याचा असा उपयोग करता यावा याचा मला आनंद वाटतो.

कारण या कल्पनेसाठी माणसे शब्द कोठून आणतात, हे पाहणे मोठे बोधप्रद आहे. मलाय भाषेने या कामी दोन शब्द परक्यांकडून घेतले. एक संस्कृत ‘कारण’ यापासून झालेला ‘कारेना’, दुसरा अरबी ‘सबब’ यापासून झालेला ‘सेबाब’. मराठीत हे दोन्ही शब्द जसेच्या तसे आहेत. ‘कारण’ आपल्या घरचेच; आणि ‘सबब’ फारसी दफ्तरांतून आली ती अशी मुरली की आजही न्यायाधीशाच्या निकालपत्रात ‘सबब अर्ज नामंजूर’ या शब्दांवाचून कैफियतीचा शेवट होत नाही. अरबस्तानातून निघालेला एक शब्द पुण्याच्या कचेरीत आणि मलाक्क्याच्या पेठेत सारख्याच कामावर रुजू झाला, ही गोष्ट हिंदी महासागराच्या इतिहासाचा एक दस्तऐवजच आहे. त्याच समुद्रमार्गाने संस्कृत शब्द सेबूपर्यंतही पोहोचले होते. तेथे साक्षीदाराला ‘साक्सी’ म्हणतात, कापसाला ‘गापास’, बाणाला ‘पाना’, उपवासाला ‘पुआसा’, आणि संपत्तीला ‘बाहान्दी’, ज्याच्या मुळाशी ‘भाण्ड’ हा शब्द आहे, ज्यातून आपले भांडे, भांडार आणि भांडवल निघाले. साक्ष देणारा माणूस ज्या भाषेने संस्कृतातून घेतला, तिने कारण मात्र घेतले नाही. ‘सेबाब’ही घेतला नाही. पुढे स्पॅनिशांच्या अमलात ‘काव्सा’ आणि ‘रासोन’ हे दोन शब्द आले आणि त्यांतील दुसरा चांगला रुळला. पण कारणाचा मुख्य कारभार जे शब्द पाहतात ते या भाषेचे स्वतःचे आहेत, आणि त्यांच्या रचनेत एक संगती आहे.

सर्वांत लहान शब्द ‘काय’. ‘ङानो?’ असे विचारले की उत्तराचा आरंभ ‘काय’ने होतो : ‘काय नाग-उलान’, कारण पाऊस पडत होता. त्याहून वजनदार ‘गुमिकान’ हा शब्द ‘गिकान’ या धातूपासून झाला आहे, आणि ‘गिकान’ म्हणजे ‘पासून’, जेथून एखादी गोष्ट निघते ते ठिकाण. आपण ‘पावसामुळे’ म्हणतो तेव्हा त्यातील ‘मुळे’ हे वस्तुतः ‘मूळ’ आहे याचा आपल्याला विसर पडलेला असतो. सेबुआनोत प्रस्थान आणि मराठीत मूळ, दोन्ही भाषांनी कारणाकडे पाठीमागे वळून पाहिले आहे. आपणही कारण दाखविण्याचे किती मार्ग काढले आहेत! ‘त्याच्यापायी घर बुडाले’ म्हणताना पाय येतो आणि त्यात दोषारोपाची छटाही येते, ‘त्याच्याखातर’ म्हणताना माया येते, ‘त्याबाबत’ म्हणताना कचेरी येते.

परंतु ज्या शब्दावर मला अधिक वेळ थांबावयाचे आहे तो ‘तुङोद’. ‘तुङोद सा उलान’ म्हणजे पावसामुळे. कोशात याचे इंग्रजी अर्थ ‘मुळे’, ‘सबब’, ‘बाबत’ या धर्तीचे सापडतात, आणि ते बरोबर आहेत. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ स्थलवाचक आहे : एखाद्या वस्तूच्या थेट समोरची, तिच्या सरळ रेषेत येणारी जागा. घराच्या ‘तुङोद’ला उभा असलेला माणूस घराच्या बरोबर समोर उभा असतो. माझ्या मते हा स्थलवाचक अर्थ आधीचा आणि कारणवाचक अर्थ त्यातून उमललेला असावा. एक घटना दुसरीच्या समोर येऊन ठाकली, दोहोंमध्ये सरळ रेषा आखता आली, की एक दुसरीचे कारण झाली. येथे कारण पाठीमागे नाही, समोर आहे.

या धातूची संतती आता पाहा. ‘का’ हा उपसर्ग लागून ‘कातुङोद’ झाला. त्याचा अर्थ हक्क. त्याला ‘आनान’ हा प्रत्यय लागून आणि मधला स्वर गळून ‘कातुङ्दानान’ झाला. त्याचा अर्थ कर्तव्य, तसाच हुद्दा. मधला स्वर गळणे ही या भाषेची नेहमीची चाल आहे : ‘सुलोद’ म्हणजे आत शिरणे, त्यापासून ‘सुद्लानान’ म्हणजे ज्यात काही ठेवावयाचे ते पात्र. म्हणजे माझ्या समोर जे माझ्या वाट्याचे म्हणून येते तो माझा हक्क, आणि ज्याच्या समोर मला उभे केले आहे ते माझे कर्तव्य. मराठीत हक्क अरबी आणि कर्तव्य संस्कृत; दोघांची कुळे वेगळी, त्यांना एकत्र नांदविण्यासाठी आपल्या वक्त्यांना पुष्कळ बोलावे लागते. सेबुआनोत ती एका धातूची सख्खी भावंडे आहेत. इंग्रजी कोशात मात्र ‘मुळे’, ‘हक्क’ आणि ‘कर्तव्य’ यांसाठी तीन परस्परांशी अनोळखी शब्द येतात. प्रत्येक जोडी अचूक असूनही त्या तिघांमधले नाते नाहीसे होते.

याच धातूपासून आणखी एक शब्द झाला आणि त्याचेच नाव मी या व्याख्यानाला दिले आहे. ‘हिन’ या उपसर्गाशी सांधा होताना आरंभीचा तकार लोपतो, ‘हिनुङोद’ हा शब्द सिद्ध होतो, आणि त्याचा अर्थ ‘एखाद्याला उद्देशून’, ‘एखाद्याच्या बाबतीत’ असा होतो. त्यावर ‘आन’ प्रत्यय येऊन ‘हिनुङ्दान’ : कारण, हेतू, प्रयोजन. ‘उन्साय हिनुङ्दान?’ म्हणजे कारण काय? येथपर्यंत इंग्रजी शब्द साथ देतो. पण पुढे दोन रूपे येतात. ‘माहिनुङ्दानोन’ म्हणजे ज्यात कारण भरलेले आहे ते. या शब्दाचा नित्याचा अर्थ ‘महत्त्वाचे’. आणि ‘वालाय हिनुङ्दान’ म्हणजे अक्षरशः कारण नसलेले; याचा नित्याचा अर्थ ‘क्षुल्लक’, ‘निरुपयोगी’, ‘काही किंमत नसलेले’. सेबू शहरातील बोलीत दोन स्वरांमधला लकार लोपतो, तेथे हेच ‘वाय हिनुङ्दान’ होते. (घराला इतरत्र ‘बालाय’ म्हणतात, शहरात ‘बाय’.)

इंग्रजी अर्थ देणारा कोशकार येथे ‘महत्त्वाचे’ आणि ‘क्षुल्लक’ यांसाठी आपल्या भाषेतील चांगले शब्द मांडतो. ते शब्द जगाचे मोजमाप वेगळ्या मापाने करतात : एकात वजन आहे, दुसऱ्यात क्षुद्रपणा. ‘मोठे’ आणि ‘लहान’ या मापाची आपल्यालाही सवय आहे. आपला ‘क्षुल्लक’ मुळात लहानच होता, आणि महत्त्वात तर ‘महत्’ उघड दिसते. सेबुआनो या ठिकाणी आकार मोजत नाही. एखादी गोष्ट महत्त्वाची की नाही हे ठरवावयाचे झाले तर ती विचारते, तिच्यात हिनुङ्दान आहे काय? ती कशाच्या समोर उभी आहे, कोणाला उद्देशून आहे, तिला काही प्रयोजन आहे काय? असेल तर राईएवढी गोष्ट ‘माहिनुङ्दानोन’ होते. नसेल तर पर्वतप्राय गोष्टही ‘वालाय हिनुङ्दान’ ठरते.

मराठीत ‘निष्कारण’, ‘विनाकारण’, ‘अकारण’ असे तीन शब्द असताना हा अर्थ का आला नाही? ‘निष्कारण भांडण’ म्हणजे गरज नसताना झालेले भांडण. ते क्षुल्लकच असेल असे नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते. आपल्याकडे हे काम ‘अर्थ’ या शब्दाने उचलले : अर्थपूर्ण आणि निरर्थक. ‘अर्थ’ म्हणजे प्रयोजन हे जुन्या संस्कृतात स्पष्ट होते, ‘प्रीत्यर्थ’मध्ये ते आजही जिवंत आहे. तेव्हा सेबुआनोच्या ‘वालाय हिनुङ्दान’ला मराठीत सर्वांत जवळचा शब्द मी ‘निरर्थक’ हा धरीन, ‘निष्कारण’ धरणार नाही. आणि इंग्रजीच्या मध्यस्थीने आलो असतो तर मला ‘क्षुल्लक’ या शब्दापाशी थांबावे लागले असते.

क्षुद्रतेचे इतर प्रकारही या भाषेने वेगळे ओळखले आहेत. ‘वालाय पुलोस’ म्हणजे ज्याचा उपयोग नाही ते. ‘पुलोस’ म्हणजे लाभ, फायदा. ‘वालाय बिली’ म्हणजे ज्याला मोल नाही ते. ‘बिली’ म्हणजे किंमत, आणि तीपासूनच ‘बिलिल्होन’, म्हणजे मौल्यवान. व्यर्थ गेलेल्या श्रमांना ‘कावाङ’ हा चौथाच शब्द आहे. इंग्रजीतील एकच शब्द या तिन्ही-चारी ठिकाणी चालून जातो आणि कोशांत तो चालविलाही जातो. पण मोडके औत ‘वालाय पुलोस’ असू शकते आणि तरी आजोबांच्या आठवणीमुळे त्याला ‘हिनुङ्दान’ असू शकते.

येथे कायद्यातील एक दाखला देण्याचा मोह मला आवरत नाही. फिलिपाइन्सचा दिवाणी कायदा १९५० साली अमलात आला. त्याची भाषा इंग्रजी असली तरी पिंड स्पॅनिश परंपरेचा आहे. त्यातील कलम १३१८ अन्वये करार होण्यास संमती, विषय आणि ‘कारण’ ही तीन अंगे लागतात, आणि कलम १३५२ सांगते की कारणावाचून केलेल्या कराराचा काहीएक परिणाम होत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात या जागी मोबदला बसविला आहे, आणि मोबदल्यावाचूनचा करार काही अपवाद सोडता रद्द समजला जातो. स्पॅनिश परंपरेचा कायदेपंडित आणि सेबूचा कोळी यांची कधी मसलत झाली नव्हती. परंतु ज्याला कारण नाही ते पोकळ होय, या निर्णयावर दोघे आपापल्या वाटेने पोहोचले. सेबूच्या न्यायकचेरीत हा कायदा वाचला जातो तेव्हा पक्षकाराच्या मातृभाषेला तो परका वाटण्याचे कारण नाही.

आता लहानपणाविषयी थोडे. ‘गामाय’ म्हणजे लहान, अनेक असतील तर ‘गाग्माय’. ‘दाको’ म्हणजे मोठा, अनेक असतील तर ‘दाग्को’. शब्दाच्या पोटातच एक ‘ग’ घालून अनेकवचन साधण्याची ही युक्ती फार सुबक आहे. शब्द दुप्पट केला तर मात्र वस्तू कमी होते. ‘बालाय-बालाय’ म्हणजे पोरांचे खेळातले घर, ‘तावो’ म्हणजे माणूस आणि ‘तावो-तावो’ म्हणजे बाहुला. ‘दाको-दाको’ म्हणजे मोठासा. आपण ‘मोठे मोठे’ म्हणून संख्या वाढवितो, आणि वस्तूची प्रतिष्ठा उतरवावयाची झाली की ‘घरबिर’, ‘पुस्तकबिस्तक’ असा विटका प्रतिध्वनी शेजारी उभा करतो.

रोजच्या बोलण्यात क्षुद्रता दाखविण्याचे मुख्य साधन म्हणजे ‘रा’ आणि ‘लाङ’ हे दोन निपात. त्यांचा अर्थ ‘फक्त’, ‘नुसते’. कोणी गप्प बसलेला दिसला, त्याला ‘ङानो मान?’, का रे, असे विचारले, तर उत्तर येते ‘वाला रा’. शब्दशः ‘नुसते नाही’. इंग्रजीत याचे भाषांतर ‘काही नाही’ असे होते आणि तेवढ्यावर ते संपते. पण प्रश्न कारणाचा होता, आणि उत्तरात कारण नाही म्हणून सांगितले आहे. म्हणजेच, ही गोष्ट विचारण्याजोगी नाही, हेही सांगितले आहे. मराठी माणसाला हे उत्तर समजावून द्यावे लागत नाही. ‘का रे?’ ‘काही नाही, असंच.’ आपले ‘असंच’ आणि आपले ‘सहज’ नेमके याच जागी उभे आहेत, आणि त्यांच्या आड कधी कधी केवढे दुःख दडलेले असते हे घराघरांतील आयांना माहीत आहे.

आभार मानण्याच्या प्रसंगी तेथे ‘सालामात’ म्हणतात. हा आपला ‘सलामत’च, अरबीतून मलायमार्गे तेथे गेलेला. त्याला प्रत्युत्तर ‘वालाय सापायान’ असे देतात. ‘सापायान’चा भाव ‘असेना का, त्याने काय बिघडले’ असा आहे. म्हणून सगळ्या उत्तराचा आशय, यात विशेष असे काही नाही. स्वतःच्या उपकाराला क्षुल्लक ठरविणे हे सौजन्य आहे, दुसऱ्याच्या दुःखाला क्षुल्लक ठरविणे हा अपराध आहे. दोन्ही ठिकाणी ‘वालाय’ हा एकच शब्द कामी येतो, आणि कोणत्या ठिकाणी आपण आहोत हे बोलणाराला कळावे लागते.

‘बाहाला’ या शब्दाकडेही लक्ष वेधतो. ‘तुझी बाहाला’ म्हणजे जबाबदारी तुझी, ठरविणे तुझ्याकडे. त्याच शब्दाने ‘होईल ते होवो, मला काय त्याचे’ हा निर्विकारपणाही व्यक्त होतो. विद्वानांच्या एका मताप्रमाणे हा संस्कृत ‘भार’ आहे. दुसरे एक लोकप्रिय मत त्याचा संबंध फिलिपाइन्समधीलच तागालोग लोकांच्या ‘बाथाला’ या देवाशी जोडते. मला पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, आणि त्याला मराठीचा पाठिंबा आहे. भार उचलणे ही जबाबदारी. आणि ‘देवावर भार टाकला’ म्हणून जो निश्चिंत होतो, त्याच्या शब्दांत तोच भार असतो. तेव्हा एका शब्दात जबाबदारी आणि बेफिकिरी कशी सामावली याचे आश्चर्य आपण तरी करू नये.

इतके सगळे कोशात कसे बसवावे? कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन वुल्फ यांनी १९७२ साली सेबुआनो-इंग्रजी कोश दोन खंडांत प्रसिद्ध केला. अकरा वर्षांचे ते काम, शंभराहून अधिक माणसांचे हात त्यास लागलेले, आणि सुमारे २५,००० नोंदी. वुल्फ यांनी दोन निर्णय असे घेतले की त्यांसाठी मी त्यांना या विषयातील श्रेष्ठ पुरुष मानतो. पहिला, साधित शब्द धातूखाली नोंदविण्याचा. त्यामुळे वाचकाला एका कुळातील माणसे एका छताखाली भेटतात. दुसरा, अर्थाबरोबर बोलण्यातील वाक्ये देण्याचा. त्यामुळे इंग्रजी प्रतिशब्द जेथे अपुरा पडतो तेथे वाक्य त्याची उणीव भरून काढते. त्यांनी स्थानिक शब्दांसाठी आ, इ, उ हे तीनच स्वर लेखनात ठेवले, त्यामुळे त्यांच्या पानांवर ‘तुङोद’ हा ‘तुङुद’ असा दिसतो. सेबूच्या वर्तमानपत्रांच्या वाचकाला हे प्रथम अडखळविते, पण धातू शोधताना तीच पद्धत सोयीची ठरते. घाईच्या वाचकासाठी पुढे निघालेल्या शब्दसूचींनी नेमक्या याच दोन गोष्टी सोडून दिल्या. डावीकडे एक शब्द, उजवीकडे इंग्रजी एक शब्द, मध्ये रिकामी जागा. ‘हिनुङ्दान’ एका पानावर, ‘कातुङोद’ दुसऱ्यावर, ‘तुङोद’ तिसऱ्यावर.

हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ पांडित्याचा राहिलेला नाही. महाराष्ट्रातील पुष्कळ मुले-मुली आज वैद्यकाच्या शिक्षणासाठी सेबू आणि दावाओ या शहरांत जातात. तेथील शिकविणे इंग्रजीत होते; पण खाटेवर पडलेला रोगी आपले दुखणे सेबुआनोत सांगतो, आणि ‘वाला रा’ म्हणून ते लपवितोही सेबुआनोतच. त्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून सेबुआनो शब्दांचा एक छोटा कोश व्हावा, अशी माझी सूचना आहे. त्यात इंग्रजीची दलाली नसावी, शब्द धातूखाली लावावेत, ङकार आपल्याच अक्षराने लिहावा, आणि ‘तुङोद’खाली ‘समोर’ आणि ‘मुळे’ असे दोन्ही अर्थ देऊन पुढे हक्क, कर्तव्य, कारण, महत्त्वाचे आणि निरर्थक हे पाचही शब्द एका ओळीने उतरवावेत. ज्यांना त्या शहरांत राहून ही भाषा कानांनी शिकण्याची संधी मिळालेली आहे, अशांपैकी दोघा-तिघांनी हे काम हाती घेतल्यास या व्याख्यानमालेच्या चालकांनी ते छापण्याची तजवीज करावी, अशी मी त्यांना जाहीर विनंती करतो.